चालत्या बँडची पाहणी

सत्त्याण्णव साली सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका बँडवाल्याने आपल्या पाटीवर ‘कॉम्प्युटराइज्ड’ असं रंगवून घेतलं. बँडमध्ये कॉम्प्युटर काय करतो हे त्याला कोणी विचारलं नाही, पण लग्नाच्या सुपाऱ्या मात्र त्याच्याकडे वळायला लागल्या. लिंबायतच्या बन्सीलालची झोप उडाली. त्याचा बँड जुना. वाजवणारे सगळे खान्देशातले, एरवी कापडाच्या लूमवर, लग्नसराईत बँडमध्ये. त्याने भाचीला बोलावून घेतलं. जयश्री रिंग रोडवरच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकत होती.

“मामा, कॉम्प्युटर कशासाठी हवाय?” तिने विचारलं.

“बँडसाठी.”

“म्हणजे त्याने करायचं काय?”

“ते त्याला ठाऊक असेल ना! एवढा महाग येतो.”

क्लासच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: आधी आजचं काम कसं चाललंय ते बघायचं, मग यंत्राचं बोलायचं. म्हणून जयश्री म्हणाली, “आधी तुमचा बँड कसा चालतो ते बघू द्या.”

“पायांनी चालतो,” बन्सीलाल म्हणाला. पण रविवारच्या लग्नाला तिला न्यायला तयार झाला.

रविवारी दुपारी मारुतीच्या देवळातून मिरवणूक निघाली. नवरदेव योगराज घोडीवर बसला होता, चेहऱ्यावर फुलांचा दाट सेहरा. बँडच्या अगदी पुढे क्लॅरिनेट घेऊन सुकलाल. जयश्री बँडकडे तोंड करून, उलट्या पावलांनी चालत प्रश्न विचारायला लागली.

“सुकलालकाका, पुढचं गाणं कोण ठरवतं?”

सुकलालने वाजवता वाजवताच भुवई उडवली. सगळ्या बँडने गाणं बदललं.

“अय्या, भुवईने सांगता?”

त्याने होकारार्थी मान हलवली. बँड एकदम संथ चालीवर आला. नाचणाऱ्या पोरांचे पाय अडखळले. सुकलालने घाबरून नकारार्थी मान हलवली, तसा अख्खा बँड बंद पडला.

बन्सीलाल मागून धावत आला. “पोरी, त्याला मान हलवायला लावू नकोस!”

“मग त्यांनी उत्तर कसं द्यायचं? तोंडात तर क्लॅरिनेट आहे.”

“उत्तर संध्याकाळी घे!”

बँड पुन्हा सुरू झाला. जयश्रीने मग मागच्या ओळीतल्या जाड्या माणसाला गाठलं. तो गाल फुगवून फुंकत होता, पण ट्रम्पेटमधून आवाज येत नव्हता.

“तुमचा वाजत नाही का?”

“कधीच नाही, ताई. पण ओळ भरलेली दिसते.”

जयश्री पुन्हा पुढे आली. उलटं चालता चालता एका वळणावर तिने खुळखुळेवाल्याला विचारलं, “रस्ता कोणाला माहीत असतो?”

“सुकलालदादाला.”

सुकलालने पहिल्यांदाच क्लॅरिनेट तोंडातून काढलं. “माले? मी तर तुझ्या मागे येतोय! कोठे लई चालनी तू आम्हले?”

आपण यांना कुठे घेऊन चाललोय ते बघायला जयश्रीने वळून पाहिलं. समोर एक मांडव होता. कोणाचा, ते तिलाही माहीत नव्हतं.

मांडवातून सुभद्राबाई, म्हणजे तिथल्या नवरीची आई, आरतीचं ताट घेऊन लगबगीने आली. “किती उशीर हो! जीव नुसता टांगणीला लागला होता.” तिने योगराजला ओवाळलं. मग सुरतेत राहून उचललेल्या गुजराती रीतीप्रमाणे जावयाचं नाक धरायला म्हणून सेहरा बाजूला केला आणि किंचाळली, “अगं बाई, हा आमचा जावई नाही!”

“मलाही वाटलंच,” योगराज म्हणाला. “आमच्या सासूबाई बुटक्या आहेत.”

“मग बोलला का नाहीस?” बन्सीलाल ओरडला.

“आईने सांगितलंय, आज तू काही बोलू नकोस.”

सुभद्राबाईला आधी राग आला, मग हसू आवरेना. तिने सगळ्यांना सरबत पाजलं. खरा मांडव पलीकडच्या गल्लीत असल्याचं तिनेच सांगितलं. पण ही गल्ली इतकी अरुंद की मागे फिरल्यावर बँडला घोडीच्या पुढे जाता येईना. मग बायका पुढे, मधे नवरदेव आणि शेवटी बँड, अशी उलटी मिरवणूक निघाली. योगराजच्या सासरच्यांना ही नवी फॅशन वाटली. त्यांनी कौतुकच केलं.

जेवणाच्या पंगतीत बन्सीलालने हळूच विचारलं, “मग, कॉम्प्युटर कुठे ठेवायचा?”

“मामा, आधी पत्ता माहीत असलेला एक माणूस ठेवा.”

बन्सीलालने हातातली जिलबी तिच्या पानात ठेवली. त्या वर्षी त्याने कॉम्प्युटर घेतला नाही. पण लग्नाच्या सकाळी तो सायकलवरून स्वतः मांडव बघून यायला लागला. तिथे गेलं की चहा-नाश्ता मिळतो हे कळल्यावर सुकलालही कॅरिअरवर बसून जायला लागला.