सतरावी पायरी

चाळीस वर्षं इमारती बांधून निवृत्त झालेल्या त्या वास्तुविशारदाला ऑफिसातली माणसं पाठीमागे ओळंबासाहेब म्हणत. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतो, तो ओळंबा त्यांच्या खिशात कायम असायचा. दुसऱ्या कुणी बांधलेली भिंत दिसली की तो बाहेर निघे. स्वतःच्या भिंतींना तो लावताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं वास्तुकलेची पदवी घेतली आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत राजवाडे रचायची नोकरी धरली. हवेत इमले बांधतो म्हणून लोक एखाद्याला नावं ठेवतात. या पोरीनं तोच पोटापाण्याचा धंदा केला. पाच वर्षं ती प्रत्येक नवं काम त्यांना दाखवायला आणी आणि पाच वर्षं ते नाक मुरडत. या रविवारी सकाळी तिनं गेम टीव्हीला जोडला आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला.

"बाबा, एक तास. माझा किल्ला आतून फिरून बघा, पण टोमणा मारायचा नाही. मारलात, तर यापुढे माझं काम मी तुम्हाला दाखवणार नाही."

ती चिडली असती तर त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण ती शांतपणे बोलली होती. लेक कामाच्या निमित्तानं तरी घरी येत होती. ते निमित्तही गेलं, तर दोघांत बोलायला काय उरणार होतं? कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या बायकोनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या नजरेचा अर्थ विचारावा लागत नाही.

ओळंबासाहेबांनी जीभ दाताखाली धरली आणि पडद्यावरच्या तलवारवाल्या गड्याला किल्ल्यात घातलं.

काय तो किल्ला! बुरूज असे किडकिडीत की कुणी जोरात शिंकलं तर खाली यावेत. सज्जा भिंतीतून बाहेर आलेला, खाली ना टेकू ना खांब. दरवाजा चार मजली उंच. उघडायला रोज किती माणसं लागत असतील, देव जाणे. प्रत्येक दालनात शेकोटी धडधडतेय आणि छपरावर एक धुराडं नाही, म्हणजे राजघराणं गुदमरून मेलं असणार. तीनशे खोल्या आणि संडास शून्य. एका मनोऱ्याचा वरचा अर्धा भाग तर चक्क अधांतरी तरंगत होता, आणि त्यालाही खिडक्यांना पडदे होते. जिने मात्र जिकडेतिकडे, आणि एकालाही हात धरायला कठडा नाही. हे सगळं ते मनातल्या मनात म्हणत होते. तोंडानं फक्त "हं" म्हणत होते, आणि प्रत्येक "हं"ला त्यांचा चेहरा कडू औषध गिळल्यासारखा होत होता.

चाळीस मिनिटं निभावली. मग ग्रंथालयाचा जिना लागला. वळण घेत वर जाणारा दगडी जिना, डावीकडे भिंत. गडी वर निघाला. सवयीनं ते पायऱ्या मोजत होते. सतराव्या पायरीला गड्याचा पाय अडखळला.

त्यांनी त्याला खाली आणून पुन्हा चढवलं. पुन्हा तिथंच अडखळला. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळलं.

"कुठल्या गाढवानं बसवली ही पायरी?"

बायकोचा मटार सोलणारा हात थांबला. लेक पडद्याकडेच बघत होती.

"तुम्ही," ती म्हणाली.

त्यांना कळायला क्षणभर लागला आणि मग कान तापले. गावाचं वाचनालय. त्यांची सगळ्यात गाजलेली इमारत, जिचा फोटो बैठकीत टांगला होता. जिना बांधून झाल्यावर वरच्या मजल्याच्या फरशीसाठी त्यांना एक जाड, देखणा दगड आवडला. मिस्त्री म्हणाला होता की साहेब, शेवटची पायरी उंच होईल. त्यांनी मिस्त्रीलाच शहाणपण शिकवून गप्प केलं होतं. नंतर तीस वर्षं तिथं माणसं ठेचकाळत राहिली आणि ते सांगत राहिले की लोक खाली बघून चालत नाहीत.

शाळा सुटली की बाबा न्यायला येईपर्यंत आपण त्या जिन्याशी बसायचो, असं लेक सांगू लागली. एका दुपारी तिनं अकरा माणसं अडखळताना मोजली होती. एक आजीबाई तर पडल्याच. कठडा लावा म्हणून ग्रंथपालानं तीनदा अर्ज केला होता, पण भिंतीची शोभा जाते म्हणून बाबांनी तो लावू दिला नव्हता. हे सगळं ती टोमणा न मारता सांगत होती. टोमणा असता तर त्यांना उत्तर देता आलं असतं.

ओळंबासाहेबांनी गड्याला तिसऱ्यांदा खाली आणलं. या वेळी त्यांनी पायाकडे न बघता हाताकडे बघितलं. सतराव्या पायरीला गडी अडखळला, त्याचा हात आपसूक भिंतीकडे गेला आणि तिथं वीतभर लांबीची लोखंडी मूठ होती, धरून धरून गुळगुळीत झालेली. गडी पडला नाही. अख्ख्या किल्ल्यात हाताला आधार असा तेवढाच होता.

"ही मूठ मी बसवलेली नाही," ते म्हणाले.

"नाही. ती माझी."

बराच वेळ त्यांनी मुठीवरचा गड्याचा हात सोडवला नाही. तास केव्हाच संपला होता.

"योग्य उंचीवर आहे," ते म्हणाले.

पाच वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी लेकीनं ऐकली आणि ती डोळे पुसायला आतल्या खोलीत गेली. बायकोनं पुन्हा मटार सोलायला घेतले. ओळंबासाहेब उठले, बैठकीतल्या वाचनालयाच्या फोटोपुढं उभे राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनी तो खिळ्यावरून उतरवला.