कवळीबाईचं मत

दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करणारी एक बाई होती. वय वर्षं बावन्न. डॉक्टरांकडून तोंडांची मापं यायची, ती त्यांचे प्लास्टरचे साचे काढायची, मेणात एकेक दात बसवायची. संध्याकाळी घरी आली, हातपाय धुतले, वडिलांना चहा दिला, की टीव्हीसमोर बसून गेमचा कन्सोल सुरू करायची. एकोणतीस वर्षांत कन्सोल सात बदलले. बाई तीच आणि सवय तीच.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या एका फोरमवर ती मतं लिहायची. तिथं गमतीनं ‘कवळीबाई’ असं नाव घेतलं आणि ते असं चिकटलं, की लॅबमधली माणसंही तिला त्याच नावानं हाक मारू लागली. आपणही तेच म्हणू.

कवळीबाईची मतं म्हणजे एक घाव दोन तुकडे. जुनेच खेळ नवा रंग देऊन पुन्हा विकायला आणले, की ती लिहायची, ‘शिळ्या कढीला ऊत.’ खेळ फुकट आणि आतली तलवार विकत, म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं. डिस्क मिळाली तर ती डिस्कच घ्यायची. “कंपनीनं उद्या सर्व्हर बंद केला तर माझा खेळ माझ्याच कपाटात राहील,” असं तिचं म्हणणं. तिच्याशी भांडायला लोक हौसेनं यायचे आणि बरेचदा गप्प होऊन जायचे, कारण ती खेळ पूर्ण खेळल्याशिवाय अवाक्षर लिहीत नसे.

वडिलांना ती अण्णा म्हणायची. ऐंशी उलटलेले अण्णा चाळीस वर्षं छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांच्या ओळी लावायचं त्यांचं काम. कंट्रोलरला त्यांनी कधी हात लावला नाही, पण लेक खेळायला बसली की आपल्या खुर्चीत ते हजर. लोक मालिका बघतात तसे ते तिचे खेळ बघायचे. “काल त्या नावाड्याला तसंच सोडून आलीस. आधी त्याचं काय ते बघ,” असं बजावायचे.

थोरल्या भावाला मात्र हे सगळं लाजिरवाणं वाटायचं. फोनवर तो हमखास म्हणायचा, “पन्नाशी उलटली तुझी. बटणं काय बडवत बसतेस? चारचौघांत सांगता तरी येतं का मला?”

“नको ना सांगूस,” ती म्हणायची. “मी सांगते की.”

त्याच शहरात खेळ बनवणारी एक कंपनी होती. एका वर्षी तिचा एक मोठा खेळ आला, आणि आला तो अर्धाकच्चा. माणसं भिंतीतून आरपार जायची, घोडे हवेत तरंगायचे. पहिल्याच दिवशी अपडेट आला, तो जवळजवळ खेळाएवढाच जड. कवळीबाईनं तो खेळ तरीही शेवटपर्यंत खेळला आणि मग लिहिलं:

‘मी कवळी पाठवते ती तोंडात नीट बसते म्हणून पाठवते. “सध्या एवढ्या दातांवर भागवा, दाढा पुढच्या महिन्यात पाठवते,” असं म्हटलं तर डॉक्टर मला दारात उभं करणार नाहीत. हल्ली या धंद्यात वरातीमागून घोडं आणायची पद्धतच पडली आहे. पण नवरा पायी चालत गेला, हे वऱ्हाडी विसरत नाहीत.’

ते मत फोरमच्या बाहेर गेलं, हजारो लोकांनी वाचलं. आणि वर्षभरानं त्याच कंपनीच्या निर्मातीचं पत्र आलं. नवा खेळ तयार होतोय, बाजारात यायच्या आधी आठ जणांना चार दिवस खेळायला बोलावतोय, त्यात तुम्ही हव्या आहात.

भावानं निकाल दिला, “फुकटात राबवून घेतायत तुला.”

अण्णा म्हणाले, “जा. घरात बसून नावं ठेवणं सोपं असतं. त्यांच्या दारात जाऊन ठेव.”

कवळीबाईनं लॅबमधून चार दिवस रजा काढली.

कंपनीच्या कचेरीत लांबट खोलीत आठ टेबलं होती. प्रत्येकावर एक पडदा, कन्सोल आणि हेडफोन. बाकीचे सात जण तिशीच्या आतले, चटपटीत. खेळ पूल बांधण्याचा होता. महापुरानं तोडलेल्या एका खोऱ्यात नायिका गावोगाव फिरते, माणसांशी बोलते, लाकूड-दोर जमवते आणि सात पूल पुन्हा उभे करते. कवळीबाईला तो पहिल्या दहा मिनिटांतच आवडला. दोर ताणला की हातातला कंट्रोलर बारीक थरथरायचा. कुणीतरी जीव ओतून काम केलंय हे तिच्या बोटांना कळलं. मेणात दात बसवणारी बोटं ती.

पहिल्या दिवशी बाकीच्यांचे तीन पूल झाले, हिचा एक. ती गावातल्या प्रत्येकाशी बोलत होती आणि वहीत लिहीत होती. शेवटी एक छापील कागद मिळाला, दहापैकी गुण द्या. तिनं गुणांची चौकट कोरी सोडली आणि वहीतली पाच पानं फाडून मागे जोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाचा दिग्दर्शक स्वतः तिच्या टेबलापाशी आला. पस्तिशीचा, हुशार म्हणून नावाजलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. हातात तिचीच पाच पानं.

“तुम्ही लिहिलंय, पडद्यावरचं अक्षर बारीक आहे. सात जणांनी अशी तक्रार केलेली नाही.”

“ते सात जण पडद्यापासून हातभर अंतरावर बसलेत. कन्सोल घरात टीव्हीला लावतात. टीव्ही भिंतीपाशी आणि माणूस समोरच्या भिंतीपाशी.”

“आणि हे, खेळ कुठेही थांबवता आला पाहिजे म्हणून? मुद्दाम ठरावीक जागीच सेव्ह होतो. त्यामुळे ताण टिकतो. आमचे आकडे तेच सांगतात.”

“आकड्यांना घरी म्हातारे वडील आहेत का?” कवळीबाईनं विचारलं. “मला हाक आली की उठावं लागतं. परत आले की अर्ध्या तासाचा खेळ गेलेला. तो ताण तुमच्या खेळाचा नाही, माझ्या डोक्याला ताप आहे नुसता.”

दिग्दर्शकाचे कान लाल झाले. “सगळ्यांना खूश करायला गेलो तर खेळाचा आत्माच जाईल, ताई.”

“कवळी सगळ्यांसाठी एक नसतेच. पण ज्याच्यासाठी केली त्याला तरी बसावी. तुम्ही हा खेळ कुणासाठी केलात, तेवढं मला सांगा.”

त्यानं पानं दुमडून खिशात घातली आणि तो गेला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं हेडफोन खाली करून हळूच म्हटलं, “खरं सांगायचं तर मलाही वाचता येत नव्हतं. मला वाटलं माझेच डोळे.”

त्या संध्याकाळी कवळीबाई घरी आली ती उतरलेल्या तोंडानं. उद्या जावं की नाही असं तिच्या मनात आलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “उद्या मीपण येतो.”

“तुम्ही? तिथं काय करणार अण्णा?”

“बसणार. मला बसता येतं.”

तिनं निर्मातीला फोन केला. निर्माती हसली आणि म्हणाली, “आणा.”

तिसऱ्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत कचेरीत आले. निर्मातीनं विश्रांतीच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला कन्सोल जोडून दिला. अण्णांनी स्वतः पावलं मोजून खुर्ची मागे सरकवून घेतली. “आमच्या घरी मी एवढ्या लांब बसतो.” कवळीबाई खेळू लागली. थोड्या वेळानं दिग्दर्शक आला आणि हाताची घडी घालून दारात उभा राहिला.

पडद्यावर एक कोळीण नायिकेला काहीतरी सांगत होती. अण्णांनी डोळे बारीक केले, मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“काय म्हणतेय ती?”

“पूल पुरानं नाही, माणसानं तोडला, आणि कुणी ते सांगतेय,” कवळीबाई म्हणाली.

“एवढी महत्त्वाची गोष्ट, आणि तळटीपेच्या टाइपात लावलीये!” अण्णा दिग्दर्शकाकडे वळले. “बाळ, इकडे ये. माझ्याशेजारी बस आणि वाच मला.”

दिग्दर्शक अवघडून त्यांच्या शेजारी बसला. पुढं वाकला, आणखी वाकला. दोन वर्षं तो खेळ त्यानं टेबलाशी बसून बघितला होता. संवादांचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता, म्हणून कोळिणीचं वाक्य त्यानं घडाघडा म्हटलं.

“पाठ म्हणू नकोस. वाच,” अण्णा म्हणाले.

कवळीबाईनं कंट्रोलरवरचं बटण दाबलं. कोळिणीच्या मागे एक पाटी होती, त्यावर चार ओळी. त्या काही त्याला पाठ नव्हत्या. मग खुर्चीवरून उठून दोन पावलं पुढं गेला आणि तिथून वाचल्या.

“चाळीस वर्षं अक्षरं लावली मी,” अण्णा म्हणाले, पण आवाजात जरब नव्हती. “वाचणाऱ्याला वाचता आलं नाही तर चूक त्याच्या डोळ्यांची नाही, जुळाऱ्याची. आमचा मालक पहिलं पान भिंतीवर लावून लांबून वाचायला लावायचा. आम्हाला राग यायचा त्याचा. खेळ मात्र झकास केलायस हं. त्या पुरात वाहून आलेल्या दाराचा पूल करायची कल्पना कुणाची?”

“माझी,” दिग्दर्शक म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“मग ती लोकांना नीट दिसू दे की.”

कवळीबाई त्या खोलीत कंट्रोलर हातात धरून बसली होती. नवी यंत्रं मांडलेल्या त्या कचेरीत, तरण्याताठ्या माणसांच्या घोळक्यात, तिचे अण्णा आपल्या कामाचं ज्ञान असं सहज मांडत होते, आणि सगळे ऐकत होते. हळूहळू दारात आणखी पाचसहा जण येऊन उभे राहिले होते. तिचा ऊर भरून आला. तिनं खेळात लक्ष घातलं आणि नायिकेला उगाच नदीत पाडलं.

“अगं, बघून!” अण्णा ओरडले.

चौथ्या दिवशी शेवटच्या बैठकीत तिनं उरलेलं एक मत सांगितलं. खेळात एक दुकान होतं, खऱ्या पैशानं दोर विकणारं. “पूल बांधायच्या खेळात दोर विकत? मग मी बांधलं काय?” तो निर्णय वरचा आहे, एवढंच निर्माती म्हणाली.

निघताना कंपनीच्या जाहिरात विभागाच्या माणसानं तिला बाजूला घेतलं. खोक्यावर ‘कवळीबाईंच्या पसंतीचा’ असं छापायचा त्यांचा विचार होता. मानधनही देऊ म्हणाला.

“खेळ पूर्ण झालेला नाही आणि माझी पसंती आधीच छापता?” ती म्हणाली. “तुमचा खेळ मी दुकानातून आणेन, शेवटपर्यंत खेळेन आणि मग बोलेन. माझं मत विकत मिळत नाही. म्हणून तर तुम्हाला ते हवंय.”

खेळ ठरल्या तारखेला आला नाही. दोन महिने लांबला. फोरमवर लोक चिडले. कवळीबाई तेवढी म्हणाली, “उशीर झालेला मला चालतो. मेण थंड व्हायच्या आत हात लावला तर दात वाकडा बसतो.” आतलं काही तिनं सांगितलं नाही, कारण तसा शब्द दिला होता.

आला त्या शनिवारी ती डिस्क घेऊन घरी आली. खेळ सुरू होताच पहिला प्रश्न पडद्यावर आला: तुम्ही टीव्हीपासून किती लांब बसला आहात? त्याप्रमाणे अक्षरं मोठी झाली. खेळ वाटेल तिथं थांबवता येत होता. दोराचं दुकान मात्र होतंच, फक्त आता ते एका कोपऱ्यात होतं आणि त्याच्यावाचून सगळे पूल बांधता येत होते.

पाच आठवडे बापलेक ते खोरं फिरले. सातवा पूल झाला तेव्हा रविवारची दुपार होती. काम केलेल्या माणसांची नावं वर सरकू लागली, आणि ‘सल्ला’ या शब्दाखाली दोन नावं आली: कवळीबाई. त्याखाली: अण्णा, जुळारी.

अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, “चाळीस वर्षांत एवढी पुस्तकं जुळवली. एकातही माझं नाव नव्हतं गं.”

“आता आहे.”

“थांबव ते. तुझ्या भावाला फोन लाव. नाही, मीच लावतो.”

त्यांनी फोन लावला आणि लेकीची कीर्ती अशी काही सांगितली, की कंपनी जणू तिनंच काढली होती. भावानं दोनदा विचारलं, नाव नक्की कुठं आलंय. मग म्हणाला, “फोटो पाठव त्याचा. ऑफिसात दाखवतो.”

सोमवारी कवळीबाईनं मत लिहिलं. खेळाची मनापासून तारीफ केली. अक्षराचं आणि थांबण्याचं श्रेय बनवणाऱ्यांना दिलं, आणि सल्ला देणाऱ्यांत आपण होतो हेही पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. शेवटी दोराच्या दुकानाचा असा समाचार घेतला की वाचणाऱ्याला ठसका लागावा.

दुसऱ्या दिवशी निर्मातीचा लॅबमध्ये फोन आला. “तुम्ही आम्हाला सोडलं नाहीत.”

“सोडायला नव्हतंच बोलावलं तुम्ही.”

निर्माती हसली. “ते दुकान पुढच्या महिन्यात काढतोय. तुमचं मत वरच्यांनीही वाचलं. आणि पुढच्या खेळाचं काम सुरू होतंय, नुसती चित्रं आहेत अजून. या वेळी पहिल्यापासून याल? दर बुधवारी, रीतसर, पगारी.”

“जाहिरातीत नाव नाही. आणि त्या खेळावर फोरममध्ये मी काही लिहिणार नाही. ज्याचं खाल्लं त्याचं माप मी घेणार नाही. बाकीच्यांवर मात्र लिहीनच.”

“कबूल.”

तिनं फोन ठेवला. समोर मेणात अर्धे दात बसवलेला साचा होता. शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्यानं विचारलं, “काय गं कवळीबाई, कोणाचा फोन?”

“खेळ बनवणाऱ्यांचा,” ती मान ताठ ठेवून म्हणाली. “बुधवारी मी इथं नसेन. तिथं माझं काम आहे.”