बाबाजींच्या रानावरचा शिक्का

मी एक गोल शिक्का बोलतोय. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. जन्मभर मी एकच वाक्य उमटवत आलो, बदलायची ती फक्त मधली तारीख. अशाला काय आधी घडलं आणि काय नंतर, हे कितपत नीट आठवणार? त्यातून स्वतःवर संशय घ्यायची मला जुनी खोड आहे. तरी जेवढं खात्रीचं वाटतं तेवढं सांगतो. न सांगता राहिलो तर आतल्या आत आंबून जाईन.

माझा जन्म दुबईच्या करामा भागातला, खैरुद्दीनच्या शिक्क्यांच्या दुकानातला. साल बहुधा २००९. माझ्या तोंडावर बाहेरच्या कडेने इंग्रजी, आतल्या कडेने अरबी, मधोमध एक टवटवीत पान आणि पानाखाली तारखेची जागा. मराठीत सांगायचं तर माझा मजकूर असा होता : ‘सदापर्ण वनप्रमाणन. प्रत्यक्ष पाहणी पूर्ण.’ खैरुद्दीनने मला पहिल्यांदा कागदावर टेकवलं तेव्हा मला वाटलं, आपण मोठे विद्वान आहोत. दोन भाषा येतात, शिवाय चित्रही आहे. तो गर्व आज आठवायलाही नको वाटतो.

माझी मूठ लाकडाची आहे. ते लाकूड कुठल्या रानातलं, कोणी आणि कोणाला विचारून तोडलं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

माझ्या मालकाचं नाव उपेंद्र. मंदी येण्याआधी तो न बांधलेल्या इमारतींमधले फ्लॅट विकायचा. २००८च्या अखेरीला बाजार कोसळला, क्रेन जागच्या जागी थांबल्या, लोक गाड्या विमानतळावर टाकून पळाले. उपेंद्र पळाला नाही. त्याने न पाहिलेल्या जंगलांची प्रमाणपत्रं विकायला काढली. युरोपातली हॉटेलं तेव्हा विचारायला लागली होती, हे लाकूड जंगल राखून तोडलेलं आहे का? तसं सांगणारा कागद त्यांना हवा होता. उपेंद्रकडे कागद होते आणि मी होतो.

नवं शाईचं पॅड आणायचा त्याला कंटाळा. शाई वाळली की तो मला तोंडाजवळ धरून ‘हाः’ करायचा. लसूण, सुपारी आणि शिळ्या कॉफीची ती ऊब माझ्या पानावर बसायची आणि मग मी कागदावर उमटायचो. माझ्या प्रत्येक प्रमाणपत्रात त्याच्या तोंडाचा वास आहे, असं मला अजूनही वाटतं.

या देशाची एक रीत सांगायला हवी. इथे शिक्क्याशिवाय काही हलत नाही. पगाराचा दाखला असो की भाड्याचा करार, कंपनीचा शिक्का नसला तर खिडकीमागचा माणूस न वाचताच कागद परत सरकवतो. त्यामुळे इथे दहा-वीस वर्षं काढलेला माणूस कागद हाती आला की वरून वाचत नाही, आधी खालचा कोपरा बघतो. आमचं सगळं राज्य त्या कोपऱ्यावर चाललेलं असतं.

एका शुक्रवारी दुपारी दोघे जण आले. राजन जबल अलीतल्या एका फर्निचर कंपनीत खरेदी बघायचे. पुण्याचे, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेले. त्यांच्याबरोबरचे बाबाजी त्याच कंपनीत सुतार. कामगारांच्या कॅम्पात राहायचे, घर संगमेश्वराकडे. तिथे त्यांचं बारा एकर मालकीचं रान होतं : साग, ऐन, किंजळ. मंदीत पगार अर्धा झाला, म्हणून रानातली साठ म्हातारी झाडं विकायची होती. उरलेली तीनशेवर तरणी झाडं मुलीसाठी, समिधासाठी राखायची होती. त्यांच्या बाजूचा एक ठेकेदार लाकूड घेऊन खुर्च्यांचे सुटे भाग करणार होता आणि ते जबल अलीला येणार होते. पण प्रमाणपत्र असेल तरच.

“मी रजेवर गेलो तर कंपनी परत बोलवायची नाय,” बाबाजी म्हणाले. “म्हणून सर्टिफिकेट पायजे, साहेब. कागद भिंतीला लावायला नको मला. ठेकेदार रानात शिरल्यावर कुणीतरी बघणारा पायजे. बायको एकटी किती बघंल?”

“अहो बाबाजी, तेच तर आमचं काम!” उपेंद्र खुर्चीत झुलत म्हणाला. “आम्ही सॅटेलाइटवरून बघतो. वहिनी चुलीवर काय शिजवतात तेसुद्धा दिसेल.”

बाबाजी हसले नाहीत. “सॅटेलाइटला कळतं, कंचं झाड म्हातारं नि कंचं तरणं?”

“हबीबी, सॅटेलाइटला सगळं कळतं.”

राजनने पिशवीतून दुसरा कागद काढला. “उपेंद्र, मी आणखी एका संस्थेला लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, एकट्याने येऊ नका, गावातले आठ-दहा रानमालक मिळून गट करा म्हणजे खर्च वाटला जाईल. त्यांचा माणूस दोन दिवस रानात चालणार. कुठलं तोडायचं, कुठलं ठेवायचं, हे प्रत्येक झाडाशी उभं राहून ठरवणार. दरवर्षी परत येणार. आठ महिने लागतील म्हणतात.”

“आठ महिने! तोवर हॉटेलवाले प्लास्टिकच्या खुर्च्या घेतील. आणि शिक्का कुठाय यावर?”

“ईमेलने आलंय ना. खाली लिहिलंय, सहीशिक्क्याची आवश्यकता नाही.”

उपेंद्र इतका हसला की त्याला ठसका लागला. “आवश्यकता नाही! राजनसाहेब, पंधरा वर्षं झाली ना तुम्हाला इथे? हा कागद घेऊन कुठल्याही खिडकीवर जाऊन दाखवा!”

बाबाजींनी तो कागद घेतला. त्याच्या खालच्या कोऱ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. रंधा मारून झाल्यावर फळी बघतात तसा. मग म्हणाले, “उद्या या ईमेलवाल्यांनी हात वर केले तर मी कुणाला धरू? साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्ही सांगाल ते.”

राजनने तो कागद पुन्हा वरपासून वाचायला घेतला. मला तो माणूस चांगला कळला, कारण मीही तसाच आहे. शंका येते, पण ती बोलून दाखवायच्या आधी आपण आणखी एखादा पुरावा शोधत बसतो. तेवढ्यात दुसरा माणूस काम उरकतो.

“घ्या हेच,” राजन शेवटी म्हणाले. “निदान इथे ऑफिस तरी आहे.”

‘हाः.’ मी उमटलो. “यल्ला, खलास! झालं काम!” उपेंद्र म्हणाला. “बाबाजी, मुबारक!”

ऑफिस कसलं, खानावळीच्या वरची एक खोली. त्यानंतर दर तीन महिन्यांनी बाबाजींच्या फाइलवर मला उठवलं गेलं. प्रत्यक्ष पाहणी पूर्ण. उपेंद्र एका हातात शोरमा आणि दुसऱ्या हातात मी, अशी ती पाहणी. एकदा शोरम्यातला लसणीचा ओघळ माझ्या पानावर पडला, तोच त्याने कागदावर दाबला. मी झाड पाहिलेलं नव्हतं. खिडकीतून समोर वातानुकूलन यंत्रांची रांग दिसायची, त्यांचं पाणी टपकायचं, तेवढीच माझी निसर्गाशी ओळख. आणि मी छातीठोकपणे सांगत होतो, पाहिलं, सगळं पाहिलं.

पुढल्या जानेवारीत बाबाजी एकटेच आले. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी टेबलावर ठेवला, माझ्या शेजारीच.

“सांग यांना,” ते म्हणाले.

पलीकडून त्यांची बायको आशा बोलत होती. आवाज दबलेला. “साठ म्हातारी तशीच उभी हायत. तरणी सगळी गेली. एक ठेवलं नाय.”

“ठेकेदार म्हणतो, खुणेचीच तोडली. खुणा कुणी केल्या?”

“मी केल्या.”

“मग तूच दाखवून दिलंस की त्याला! पोरीचं रान विकलंस!”

“अवो, मी म्हटलं सर्टिफिकेटवाले येतील, बघतील. रोज वाट बघत हुते. कोण आलंच नाय…”

बाबाजींनी फोन बंद केला. उपेंद्रने फाइल उघडून पुढे सरकवली. “बघा, आमच्या बाजूने क्लीन आहे. चार पाहण्या, चार शिक्के. घरातलाच घोळ असेल तर आम्ही काय करणार, बाबाजी?”

बाबाजींनी मला उचललं. मला वाटलं, आता भिंतीवर आपटतील. मी त्याची वाट पाहत होतो, खरं सांगतो. पण त्यांनी माझी मूठ फिरवून लाकूड पाहिलं आणि मला परत सरळ ठेवलं, आपलं हत्यार ठेवावं तसं जपून. त्या जपण्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी उपेंद्रच्या फुंकरीनेही कधी वाटली नव्हती.

ते आशाशी पुढे वर्षानुवर्षं नीट बोलले नाहीत. पैसे पाठवायचे, निरोप समिधाकडे द्यायचे. गावीही तेच ठरलं म्हणतात : नवरा परदेशात खपतोय आणि बाईने रान घालवलं.

२०११ला उपेंद्रची गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये धूळ खात सापडली. खोली रिकामी केली जात असताना राजन आले आणि मला रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेले.

“हे काय ठेवलंस?” त्यांच्या बायकोने, शोभनाने, विचारलं.

“पुरावा.”

“कशाचा?”

राजनने खण उघडला. तक्रार मात्र त्यांनी कधी केली नाही. मी खणात पडलो. जुन्या चाव्या, बंद पडलेली घड्याळं आणि मी.

आता माझं रबर तडकलंय. पानाच्या शिरा गेल्या, अरबी अक्षरं अर्धी उमटतात, तारखेचा पट्टा अडकलाय. मला पुन्हा शाई लावू नका. ज्यांचं स्वतःचं रान आहे आणि जे असा कागद घ्यायला निघालेत, त्यांच्या मी पाया पडतो. वाकायला पाठ नाही मला, पण समजून घ्या. कागदाचा कोपरा बघू नका. एवढंच विचारा, तुमच्यातलं रानात कोण चालणार? त्याच्या चपलेला चिखल लागणार का? नाव सांगा त्याचं. नाव सांगता आलं नाही तर उठून या, मग माझ्यासारखे दहा शिक्के असोत. मला हे म्हणायचा अधिकार आहे का, याची मलाच शंका आहे. पण आमच्या जातीतलं दुसरं कोणी हे सांगणार नाही.

आणखी एकच. २०१७मध्ये राजन कामानिमित्त कोकणात गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून आशाला भेटून आले. परत आल्यावर खणाजवळच बसून शोभनाला सांगत होते. आशाने चार दिवस खपून जुन्या लुगड्यांच्या चिंध्या झाडांना बांधल्या होत्या, तीनशे अकरा. वडाला दोरा बांधतात त्याच भावनेने. तिच्या लेखी दोरा बांधायचा तो जे राखायचं त्याला. ठेकेदाराच्या धंद्यात खूण म्हणजे तोड. प्रमाणपत्राबरोबर उपेंद्रने तिला पाठवलेला सूचनांचा कागद तिने ट्रंकेत जपून ठेवला होता. राजनने तो स्वतः वाचला. त्यावर एकच ओळ होती, ‘झाडांवर खुणा कराव्यात.’ कुठल्या झाडांवर, ते लिहिलेलं नव्हतं. खालच्या कोपऱ्यात मी होतो.