सुखीबाईची लाल गाठ

कवड्या नव्व्याण्णव. मध्ये एके ठिकाणी लाल दोऱ्याची गाठ, तिथे कवडी नाही. पट्टा साडेतीन हात लांब. भीमराजने तो दोन्ही टोकांकडून मोजला. आकडा तोच आला.

"झालं का मास्तर, का अजून एक डाव मोजता?" बाजेवरून सुखीबाई म्हणाली. "उद्या होळीले एक लावली की शंभर. लिहा मंग."

बी. एस्सी. होऊन भीमराज दारव्ह्याजवळच्या या बंजारा तांड्यावर मास्तर झाला होता, आणि १९६१ च्या जनगणनेचं काम त्याच्याकडेच आलं होतं. सगळा तांडा लिहून झाला होता. फक्त सुखीबाईच्या वयाचा रकाना कोरा होता. ती होळीच्या सकाळी जन्मलेली. त्याच दिवशी आईने पट्ट्यावर कवडी शिवली, मग दर होळीला एक. तांड्याची होळी पहाटे तांड्याच्या प्रमुखाने, नाईकानेच पेटवायची. पण सगळ्या तांड्याच्या या याडीला, म्हणजे आईला, पूनमसिंग नाईकाने शब्द दिला होता : याडीचे शंभर भरतील त्या होळीला पेटती चूड तिच्या हातात. त्या एका पहाटेसाठीच ती हिवाळ्यातल्या तापातून उठली, असं सून रामीबाई सांगे.

"आजी, पहिली कवडी लावली तेव्हा तुमचं वय किती होतं?"

"वय? अर्ध्या दिवसाचं!" सगळं अंगण हसलं.

भीमराज ताडकन उभा राहिला. १९०० साल जुन्या शतकाचं की नव्या, या वादात कॉलेजच्या खानावळीत त्याने कितीदा जेवण थंड केलं होतं. तोच प्रश्न इथे कवड्यांत शिवलेला!

"म्हणजे ती शून्याची कवडी! दुसरी लागली तेव्हा एक वर्ष भरलं. नव्व्याण्णव कवड्यांची वर्षं अठ्ठ्याण्णव. उद्या नव्व्याण्णव भरतील. शंभर पुढच्या होळीला!"

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, कुणीच हसत नव्हतं.

पूनमसिंगने पागोटं सारखं केलं. "मास्तर म्हन्ते तर तसंच असन, याडी. पुढच्या साली पेटवजो."

"पुढचं साल कोनं पाह्यलं?" रामीबाई कडाडली. "तुमची शून्याची कवडी तुमच्या शाळेत ठेवा, मास्तर!"

सुखीबाईने पट्टा ओढून घेतला. गाठीवर अंगठा ठेवला. "हे काहून नाही मोजलं?"

"तिथली कवडी तुटली असेल ना?"

"तुटली नाही. लावलीच नाही. छपन्याच्या काळात बैलं मेलते, मानसं मेलते. तांड्यानं होळी पेटवली नाही. त्या सकाळी माह्या मांडीवर माहा लेक गेला. कवडी कोन्या हातानं लावू? गाठ मारली."

"पन याडी," नाईक हळूच म्हणाला, "होळीच झाली नाही, ते साल धरावं कसं?"

"साल नव्हतं का रे ते? मले तर लई लांब गेलं."

भीमराज पुन्हा खाली बसला. गेल्या होळीच्या कवडीपासून मागे मोजत गेला. साठावी कवडी १९०१ ची. तिच्यामागे गाठ. १९००. संवत १९५६ च्या ज्या छपन्या दुष्काळाच्या गोष्टी त्याने लहानपणी ऐकल्या होत्या, तेच साल. गाठीमागे एकोणचाळीस कवड्या.

"नाईक, गाठ धरून जागा शंभर आहेत!" त्याचा आवाज चिरकला. "वर्षं नव्व्याण्णव भरली. उद्या पहाटे शंभर!"

"मंग लिहा शंभर," सुखीबाई म्हणाली.

"सरकार एक मार्चच्या सूर्योदयाचं वय विचारतं, आजी. तेव्हा नव्व्याण्णवच होतं."

"होळीवरी थांबता नाही आलं सरकारले?"

त्याने रकान्यात ९९ लिहिलं.

पहाटे पूनमसिंगने जळती चूड तिच्या हातात दिली. रामीबाई कोपर धरायला पुढे झाली. सुखीबाईने तिचा हात बाजूला सारला. पाच वाजून बावन्न मिनिटांनी होळी पेटली.

उजाडल्यावर तिने नवी कवडी शिवली आणि पट्टा भीमराजपुढे धरला. त्याने मोजला, दोन्ही टोकांकडून.

कवड्या शंभर, गाठ एक.