टेकडीची गोष्ट

कॅप्टन नायिफने कॉफीचा पेला ओठाला न लावता चटईवर ठेवला, तेव्हाच मी ओळखलं, गडी काहीतरी मागायला आलाय. आमच्या दलदलीच्या मुलखात पाहुण्याने असा पेला ठेवला की त्याचं मागणं मान्य होईपर्यंत तो पीत नाही, आणि तो न पिता उठला तर यजमानाची अब्रू जाते. बैठकीत चाळीसेक माणसं. सगळ्यांदेखत मला कोंडीत पकडलं पठ्ठ्यानं.

इराणशी आठ वर्षं लढलो, तेव्हा हा माझा कॅप्टन. आता शेजारच्या देशातल्या लढाईसाठी पोरं गोळा करत हिंडतो. गावातल्या अकरा जणांनी नावं दिली होती, त्यात माझा धाकटा मुहैमिन. उद्या ट्रक निघणार. जाऊ नको म्हणून मी घसा फोडून सांगितलं, त्याची आई रडून बेजार झाली, पण कार्टं ऐकेल तर शपथ. माझं पदक उशाशी घेऊन झोपायचं.

"मागा, कॅप्टनसाहेब."

"आपण टेकडी कशी घेतली, ती गोष्ट पोरांना सांग, चासिब. तुझ्या तोंडून."

"सांगतो. प्या कॉफी."

तो खुशीत प्यायला. मग मी सांगितली, आणि शब्द दिलाय म्हटल्यावर पुरी सांगितली. टेकडी कसली, मातीचा ढिगारा. एकसष्ट जण चढलो, चौदा वर पोचलो. वर शत्रूचा एक पोरगा पाणी मागत पडला होता, मुहैमिनच्याच वयाचा. माझ्या बाटलीत पाणी होतं. मी दिलं नाही. याची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या दिवशी हुकूम आला: परत फिरा, हवी होती ती टेकडी ही नव्हेच. परतताना सुरुंगावर माझा पाय गेला. पदक त्या पायाचं.

मुहैमिन कॉफीची किटली घेऊन उभा होता. त्याने कॅप्टनला विचारलं, "खरंय हे?"

"हुकूम वरून आला होता," कॅप्टन म्हणाला आणि पेला पुढे केला.

रीत अशी की आधी पाहुण्याला ओतायची. मुहैमिनने तो पेला तसाच सोडला आणि माझ्या पेल्यात ओतली. पाहुण्याचा एवढा अपमान आमच्या घरात कधी झाला नव्हता. मी पेला उचलला आणि प्यायलो.

सकाळी ट्रक तीनच पोरं घेऊन गेला. मुहैमिन तेव्हा म्हशी पाण्यात सोडत होता. ते तिघं परतले नाहीत; त्यांच्या घरी मी आजही जातो, आणि गोष्ट आधी का नाही सांगितली, असं त्यांच्या आया दर वेळी विचारतात.