झील देणाऱ्यांची जागा

मी एक जुना ढोल आहे, मित्रांनो. ज्या उन्हाळ्यात आप्पारावांनी थोरली लेक दिंद्रुडला दिली, त्याच उन्हाळ्यात माझा जन्म झाला. लग्न नीट पार पडलं म्हणून बिरोबाला बोकड दिला होता. त्याचं कातडं माझ्या तोंडाला चढलं. अंग आंब्याच्या खोडाचं. आप्पाराव ते स्वतः कोरत. लेक आठवली की हात थांबायचा. त्यामुळे माझी एक बाजू अजून जाडच राहिली आहे.

आप्पाराव आष्टीकडचे मेंढपाळ. त्यांचा ओव्यांचा मेळ होता. चैत्रातल्या जत्रेला चार गावांची माणसं त्यांना ऐकायला येत. आप्पाराव ओवी म्हणत, माझ्यावर काठी आणि हात चाले. ओवी संपली की मी गप्प व्हायचो. मग समोर बसलेली माणसं शेवटची ओळ उचलायची आणि लांब ओढायची. त्याला झील देणं म्हणतात. माळावर ती झील दूरवर जायची. लोक मला शाबासकी देत, पण खरं सांगतो, माझा मान त्या गप्प राहण्यात होता.

झील देण्यात पुढे असायची दगडाबाई. तीही मेंढरामागची. आमच्यात रीत अशी की मेळानं ऐकणाऱ्याच्या घोंगडीवर बसायचं आणि ऐकणाऱ्यानं मातीत. दगडाबाईची काळी घोंगडी दरवर्षी आमच्यासाठी अंथरलेली असे. ओव्या संपेपर्यंत ती कोणी उचलत नाही.

सात वर्षांपूर्वी आप्पाराव वारले. मेळ त्यांच्या मुलाकडे, सोमनाथकडे आला. सोमनाथचा गळा बापापेक्षा गोड. पण ओव्यांवर घर चालेना. तो आणि त्याची बायको सुकन्या दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊस तोडायला जात. लेकरांची शाळा दरवर्षी अर्ध्यात मोडे. मग कोणीतरी त्याची ओवी मोबाईलवर टाकली आणि लग्नांची बोलावणी येऊ लागली. लग्नात बसून ऐकायला कोणाला वेळ असतो? सोमनाथनं कीबोर्ड आणला, माझ्या जागी विजेवर वाजणारं पॅड आणलं, माणसाच्या उंचीचे स्पीकर आणले. त्या वर्षीपासून घरातला कोयता खुंटीवरून खाली उतरला नाही. म्हणून मी सोमनाथला कधी दोष दिला नाही.

मला त्यानं टाकून दिलं नाही. लाल रंग दिला, चमकीची पट्टी लावली आणि स्टेजवर पुढे मांडलं. फक्त वाजवलं नाही.

पुढच्या जत्रेत दगडाबाईनं नेहमीसारखी घोंगडी अंथरली. तिच्यावर कीबोर्डचा स्टँड उभा राहिला. तरुण पोरं नाचू लागली. पहिली ओवी संपली. दगडाबाईनं मान वर करून श्वास घेतला. तेवढ्यात पॅड कडाडलं आणि दुसरी ओवी सुरू झाली. तिनं तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. मागच्या म्हाताऱ्या माणसांचंही तेच झालं.

शेवटी ती उठली. स्टँडखालून घोंगडी ओढली, झटकली, घडी केली आणि निघाली. स्टँड कलला तो सोमनाथनं धरला.

"म्हातारीला गारठा लागला वाटतं," तो माईकवरच बोलला. पोरं हसली.

मेळ उठल्यावर दगडाबाईचा शेजारी तात्याबा आला. "काय बे सोमनाथ, देवाची जत्रा हाय का कुणाचा साखरपुडा?"

"काऊन असं बोलता, तात्या? एवढी माणसं नाचली."

"नाचली की. नाचणाऱ्याला कुनीबी चालतंय. आमाला तूच लागतो."

सोमनाथला ते लागलं, पण नीट कळलं नाही. यंदाच्या जत्रेला त्यानं पुढे सोफा ठेवला आणि त्यावर दगडाबाईचं नाव लिहिलं. सोफा रिकामा राहिला. मागे बसणारी म्हातारी माणसंही आली नव्हती. गर्दी मात्र दुप्पट होती. गाताना सोमनाथ सारखा त्या सोफ्याकडे पाहत होता.

"दगडाबाई काऊन न्हाई आली?" त्यानं तात्याबाला गाठून विचारलं.

"अंथरुणाला खिळली. आन् बरी असती तरी आली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथनं माझी चमकी काढली. मला दुपारपर्यंत उन्हात ठेवलं, दोऱ्या ओढल्या. कातडं ढिलं पडलं होतं. मग खांद्यावर घेऊन तो मेंढवाड्यावर गेला.

दगडाबाई बाजेवर होती. तिनं आधी मला हात लावला. "ह्येला नवरी कुनी केलं रं?"

सोमनाथ खाली मातीत बसला. "दगडामाय, माझं चुकलं."

"पोट भरतंय ना?"

"भरतंय."

"लेकरं साळंत हायती ना? मग त्यात काय चुकलं? लगीन वाजव, खुशाल वाजव. पर देवाम्होरं आमाला गप केलंस, त्येवढंच लई वंगाळ झालं."

सोमनाथनं मला पुढ्यात घेतलं. त्यानं ओवी धरली. बऱ्याच दिवसांनी माझ्या अंगातून आवाज निघाला, थोडा बसलेला. ओवी संपली आणि मी थांबलो. दगडाबाईनं झील दिली. बारीक होती, पण पूर्ण होती. दुसऱ्या ओवीला अर्धीच निघाली. तिसऱ्या ओवीनंतर तिचा डोळा लागला होता. सोमनाथ थांबून राहिला. चौथी ओवी त्यानं म्हटली नाही.

आता लग्नात कीबोर्ड वाजतो, आणि जत्रेत पहिला तास माझा, असं त्यानं गावाला सांगून टाकलं आहे. चैत्र आला की कळेल, जुनी माणसं परत येतात की नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, हात लावा. न वाजवलेलं कातडं तडकतं. नवं हवं तर जरूर आणा. पण तुमच्यासाठी जे मातीत बसत आले, त्यांना तोंड उघडायला जागा ठेवा.

दगडाबाई यंदाच्या वैशाखात, अमावस्येच्या आदल्या दिवशी, सकाळी मेंढरं सुटायच्या वेळेला वारल्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं.