स्प्रे बसवायला अर्धा तास

बाईमाणूस बोटीवर असलं की दुरुस्ती फिसकटते, असा आमच्या राहत्या बोटीवर बावीस वर्षं नियम होता. नियम अर्थात यांचाच. काही बिघडलं की हे म्हणायचे, "अगं, तू जरा किनाऱ्यावर जाऊन ये. चारपर्यंत येऊ नकोस. खलाशी लोक पाळतात हे." मी आपली पिशवी उचलायची आणि बाजारात नाहीतर बहिणीकडे जायची. चारला परत यावं तर पंप चालू, दिवे चालू, आणि हे वर डेकवर शिडाच्या सावलीत चहा पीत बसलेले. "किती वेळ लागला?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "अर्धा तास." मला केवढं कौतुक! जन्मभर पोरांना भूगोल शिकवलेला मास्तर, आणि हातात ही कला.

तर मंगळवारी सिंकच्या नळाचा स्प्रे मोडला. आमच्या बोटीतलं स्वयंपाकघर म्हणजे दोन पावलं लांब आणि दीड पाऊल रुंद. तिथे नळाचं तोंड ओढून पातेल्यापर्यंत नेता येतं, म्हणून तर भांडी होतात. त्या तोंडाची दाबायची पट्टीच तुटली. पाणी थांबेना. पाणी थांबेना म्हणून पंप थांबेना, कारण तो नळ उघडला की आपोआप चालू होतो. दिवसभर घर्र, घर्र.

आणि हे होते इस्पितळात. छातीचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी विषय काढला की बोट विकायची आणि दोघांनी त्याच्याकडे मागच्या खोलीत राहायचं. मागची खोली मी पाहिली आहे. खिडकी उघडली की समोर भिंत. मला वाटलं, हे आता उसळतील. पण हे उशीवर डोकं टेकून म्हणाले, "विकू या. बोट म्हणजे रोज काहीतरी मोडणार. हिला ते जमणार नाही."

मी तिथेच पलंगाच्या पायथ्याशी उभी होते हो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोट दोघांच्या नावावर आहे, माझ्या सहीशिवाय विकता येत नाही. मी म्हटलं, "शनिवारी तुम्हाला सोडणार आहेत ना? तोवर तो स्प्रे मी माझ्या हातानं बसवीन. बसला तर बोट राहिली. नाही बसला तर सही करते, आणि भिंत बघत बसते."

मुलगा हसला. हे हसले नाहीत. मला तेव्हाच नवल वाटलं होतं.

बुधवारी दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "आटे आतले की बाहेरचे?" मी म्हटलं, "नळाचे." त्यानं एक स्प्रे दिला, तो घरी आणून जुन्याशेजारी धरला तर मापच वेगळं. दुसऱ्यांदा जुन्या स्प्रेचा फोटो काढून घेऊन गेले, तेव्हा बरोबर मिळाला. हे सगळं होऊन दुपार झाली. मग यांना फोन लावला.

"सोपं आहे," हे म्हणाले. "सिंकखाली लाल मुठीचा कॉक आहे, तो बंद कर. पाणी थांबतं. मग जुना काढ, नवा लाव. अर्धा तास."

लाल कॉक बंद केला. जुना स्प्रे फिरवून काढला, आणि पाण्याची धार थेट छताला! मी पाइपावर अंगठा दाबून धरला, तर पाणी माझ्या बाहीत. खाली बघते तर सिंक तुडुंब भरायला लागलेलं. येणारं पाणी थांबलं नव्हतं, जाणारं थांबलं होतं! लाल कॉक सांडपाणी समुद्रात सोडण्याचा होता. एका हातानं पाइप धरून दुसऱ्या हातानं भिंतीवरचे दिसतील ते सगळे खटके पाडले. दिवे गेले, पंखा गेला, शेवटी पंपही गेला. अंधारात मी ओलीचिंब उभी. मला कळेना, बावीस वर्षं ज्या माणसानं हे सगळं एका हातानं केलं, त्याला कोणता कॉक कशाचा हे आठवत कसं नाही? म्हटलं, भूल दिल्यामुळे झालं असेल.

गुरुवारी परत फोन. मी विचारलं, "पाइपाला मधे एक शिशाचा गोळा लटकवलाय, त्याचं काय करू?"

"कसला गोळा?" हे गडबडले. मग म्हणाले, "हां, तो. जुना कचरा आहे. काढून टाक. आणि हे बघ, जोडताना वायसर एक नको, दोन घाल. एकापेक्षा दोन बरे."

गोळा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. झालं, पाइप आत जाईना. ओढला की जिभेसारखा बाहेर लोंबत राही. दोन वायसर घातले, तर सिंकखालच्या जोडातून पाणी ठिबकायला लागलं. आवळावं म्हणून कपाटात शिरले, तर खांदे अडकले. मी बारीक आहे, तरी माझे खांदे अडकले. आणि यांचं पोट? ते पोट या दारातून आत जातं कसं? मी वीत लावून दार मोजलं, दोनदा मोजलं. डोक्याचा नुसता भुगा झाला.

आणखी एक. कपाटात अगदी मागे, पाठीखाली घ्यावी तशी, एक उशी होती. माझी निळी उशी, सहा वर्षांपूर्वी हरवलेली. तेव्हा मी बहिणीवर संशय घेतला होता, महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते.

शुक्रवारी दुपारपर्यंत ठिबक थांबली नाही. मी पायरीवर बसून रडले. खोटं कशाला सांगू, अगदी मोठ्यानं रडले. उद्या शनिवार होता. मला ती भिंत दिसायला लागली होती.

धक्क्याच्या टोकाला एका म्हाताऱ्या फिटरचं दुकान आहे. अंगानं काडी, म्हणून सगळे त्याला बारक्या मिस्त्री म्हणतात. हे मला नेहमी सांगायचे, "त्याच्याकडे पाऊल टाकू नकोस, महालबाड माणूस आहे." पण बुडत्याला काडीचा आधार. मी गेले आणि म्हटलं, "मिस्त्री, जरा येता का?"

तो आला. पायऱ्या उतरला आणि छताच्या खाली आलेल्या तुळईपाशी न बघताच मान वाकवली. त्या तुळईवर प्रत्येक नवा पाहुणा कपाळ फोडून घेतो. मग भिंतीकडे गेला, सात खटक्यांतला बरोबर पंपाचा खटका पाडला, आणि सिंकखाली हात घालून म्हणाला, "उशी कुठे गेली?"

"मिस्त्री, तुम्हाला उशी कशी माहीत?"

आता तो गोंधळला. "म्हणजे काय, वहिनी? बावीस वर्षं मीच येतोय की. मास्तरांनी कधी हातात पाना धरलाय? ते तिथे बसून मला नद्यांची नावं सांगतात."

"मग मला कसं माहीत नाही?"

"मास्तर म्हणाले होते, परका माणूस बोटीवर आलेला तुम्हाला खपत नाही. म्हणून मी यायच्या आधी तुम्ही रागानं निघून जाता."

रागानं? मी? पिशवी घेऊन, उन्हातान्हात, चार वाजेपर्यंत! हसावं, रडावं, की इस्पितळात जाऊन त्या माणसाला गदागदा हलवावं, काही कळेना. एवढं मात्र कळलं की फोनवरून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यानं शेळी कधी जवळून पाहिलीच नव्हती.

मिस्त्रीनं पाना उचलला. मी तो त्याच्या हातातून घेतला. "तुम्ही हात लावायचा नाही. नुसतं सांगा."

तो पायरीवर बसला. एक वायसर काढायला लावला. गोळा कचऱ्यातून शोधायला लावला. "पाइप आत ओढायला वजन नको का, वहिनी?" मी उशी पाठीखाली घेतली, एक खांदा आधी आणि दुसरा मागून घातला, आणि आत शिरले. जोड हातानं आवळला, मग पान्यानं पाव फेरा. पंप चालू केला. घर्र झालं आणि थांबलं. मी दहा मिनिटं कोरडं फडकं त्या जोडाखाली धरून बसले. फडकं कोरडंच राहिलं.

संध्याकाळी यांचा फोन आला. "झालं का गं?" आवाज इतका बारीक की माझ्या ओठांवर आलेल्या शिव्या तिथेच अडल्या. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 'हिला जमणार नाही' असं नव्हतंच ते. आता मला लांब पाठवून धक्क्यावर मिस्त्रीकडे धावायला यांच्या छातीत बळ नव्हतं. झाकली मूठ उघडी पडायची भीती होती. त्यापायी हा माणूस घर विकायला निघाला होता! मी म्हटलं, "उद्या या आणि बघा," आणि फोन ठेवला. उशीचा अभ्रा धुऊन वाळत घातला.

शनिवारी मुलानं यांना धरून तीन पायऱ्या उतरवल्या. मी यांना बाकावर बसवलं आणि पाठीशी निळी उशी ठेवली. मुलगा सरळ सिंकपाशी गेला, स्प्रे ओढून दाबला, आणि शर्टभर पाणी घेऊन मागे सरला. सोडल्यावर पाइप गपकन आत गेला. त्यानं खाली वाकून बघितलं, जोडाला बोट लावलं.

"कमाल आहे," तो म्हणाला. "बाबांनी फोनवरून सगळं नीट सांगितलं म्हणून जमलं, आई."

यांचा हात मागे गेला, उशीवर फिरला आणि थांबला. यांनी माझ्याकडे बघितलं. मी गॅसकडे वळले आणि चहाचं आधण ठेवलं.

"मी सांगितलेलं सगळं चूक होतं," हे म्हणाले. "एकूण एक चूक. हिनं स्वतः केलं. बोट ठेवायची की नाही ते हिला विचार, मला नको."

"ठेवायची," मी म्हटलं.

मुलगा सामान आणायला वर गेला. तो पायऱ्या चढेपर्यंत हे थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बारक्या आला होता का?"

"कोण बारक्या?" मी कप त्यांच्या हातात दिला. "चहा घ्या. मागचा दिवा लागत नाहीये, तो बघते. तुम्ही चारपर्यंत इथून हलू नका."